उद्घाटनापूर्वी बसू नये

"एवढी सेवा सेवा करता, तर त्या इस्पितळासमोरच्या बस थांब्यावर एक बाक टाका म्हणावं तुमच्या क्लबला," बायको म्हणाली आणि दोन्ही हात टेबलावर रेटून उठली. गुडघ्यांनी तिचं ऐकणं केव्हाच सोडलं होतं. आठवड्यातून दोनदा ती इस्पितळात शेक घ्यायला आणि व्यायामाला जायची, आणि तिथे जेवढा आराम पडायचा तेवढा परतीच्या बसची वाट बघत उभं राहून घालवून यायची. थांबा म्हणजे नुसता एक लोखंडी खांब. बसला वेळापत्रक होतं, पण ते बसला कुणी दाखवलं नसावं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सेवा क्लबचा सेक्रेटरी होता. घरी बायको 'अहो' म्हणायची, बाहेर सगळे 'सेक्रेटरी' म्हणायचे, आणि त्यांना स्वतःला दुसरी हाक जास्त आवडायची. "तिघं आरामात बसतील असा बाक टाकून घेतो, बघच तू," ते म्हणाले. हे म्हणताना ते मनापासून म्हणाले, एवढं त्यांच्या बाजूने सांगून ठेवायला हवं, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

क्लबची सभा दर आठवड्याला एका हॉटेलच्या माडीवर भरायची. अध्यक्ष घंटा वाजवत, पाहुणे वक्ते बोलत, सभासद खात. मागच्या वेळचे पाहुणे पेंग्विनवर बोलून गेले होते आणि पेंग्विनसाठी क्लबला काय करता येईल, असं माजींनी गंभीरपणे विचारलं होतं. माजी म्हणजे माजी अध्यक्ष. ते इतकी वर्षं माजी होते की पुढचा शब्द लोकांनी गाळूनच टाकला होता. अशा सभेत सेक्रेटरींनी बाकाची कल्पना मांडली. बायकोची आहे असं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती, पण मग पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण, या चर्चेत त्यांचं नाव आलं असतं की नाही कोण जाणे.

बाक मंजूर झाला, तयार झाला आणि थांब्यावर आलाही. लोखंडी पाय, रुंद लाकडी फळ्या, पाठ टेकायला छान कलती पट्टी. सेक्रेटरींनी त्यावरून हात फिरवला आणि ते बसणार, तेवढ्यात अध्यक्ष ओरडले, "अहो, बसताय काय! उद्घाटन व्हायचंय!"

"नुसतं बघतोय, कसा झालाय ते."

"डोळ्यांनी बघा की. वापरलेल्या बाकाचं उद्घाटन करायचं म्हणजे पाहुण्यांचा अपमान आहे." अध्यक्ष इमारती बांधायचे, त्यामुळे अपुऱ्या गोष्टींचं उद्घाटन करण्याचा त्यांना सराव होता. पुऱ्या झालेल्या वस्तूचं उद्घाटन ही त्यांच्यासाठीही नवीनच गोष्ट होती. बाक प्लास्टिकमध्ये गुंडाळला गेला आणि त्यावर लाल फीत बांधली गेली.

उद्घाटनाला एका निवृत्त न्यायाधीशांना बोलावलं. क्लबची पद्धत अशी होती की पाहुण्यांनी होकार दिला की त्याच दिवशी पाटी कोरायला टाकायची. नाव कोरलेलं असलं की माणूस मागे हटत नाही, असं माजींचं अनुभवाचं मत होतं. पितळी पाटी कोरून आली आणि न्यायाधीशांचा घसा बसला. महिनाभर बोलायला बंदी. "न बोलता फीत कापायला काय हरकत आहे?" असं सेक्रेटरींनी सुचवून पाहिलं, पण न बोलता नुसती फीत कापायची हे न्यायाधीशांनाच पटेना. बायको मात्र घरी रोज विचारायची.

"अहो, आज होतं का ते उद्घाटन?"

"पाहुणे आजारी पडलेत."

"मग पाहुण्यांना इस्पितळात आणा की. समोरच बाक आहे," ती म्हणाली. तेव्हा ती अजून हसत होती.

मग एक गिर्यारोहक सापडले. त्यांनी होकार दिला, पण आता पाटीवरून न्यायाधीशांचं नाव काढायचं कसं? वाईट वाटेल. म्हणून न्यायाधीश 'उद्घाटक' राहिले, गिर्यारोहक 'प्रमुख पाहुणे' झाले आणि पाटी रुंद झाली. ती कोरून आली त्याच आठवड्यात गिर्यारोहक घरात पडदे लावताना स्टुलावरून पडले आणि पाय मोडून त्याच इस्पितळात दाखल झाले. बाकापासून ते आता रस्ता ओलांडण्याइतके जवळ होते, पण फीत कापायला कुणी त्यांना खाटेसकट खाली आणेना.

इकडे बाकाचे वेगळेच हाल. वाट बघून दमलेल्या माणसाला समोर बाक दिसला तर तो बसणारच, प्लास्टिक असो वा फीत. लोक बसू लागले. प्लास्टिक फाटलं. फीत कुणीतरी केसांना बांधायला नेली. अध्यक्षांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोकांना शिस्तच नाही! बाक लोकांसाठी आहे म्हणून काय कुणीही बसायचं?" त्यांनी 'उद्घाटनापूर्वी बसू नये' असा फलक लावायला सांगितला. फलक उभा करायला जागा नव्हती म्हणून तो बाकाच्या टोकालाच ठोकला, आणि लोक बाकावर निवांत बसून तो वाचू लागले.

शेवटी अध्यक्षांनी आपल्या बांधकामावरचा रखवालदार तिथे आणून उभा केला. पण दिवसभर उभं कोण राहणार? दोनच दिवसांत त्याने कुरकुर केली आणि क्लबने माणुसकीच्या दृष्टीने त्याला एक प्लास्टिकची खुर्ची दिली. तेव्हापासून थांब्याचं चित्र असं होतं: रिकामा बाक, त्याच्या शेजारी खुर्चीत बसलेला रखवालदार, आणि दोघांच्या भोवती उभे असलेले आजारी लोक.

त्या उभ्या लोकांत सेक्रेटरींची बायको होती. ती बाक बघायची, खांब धरायची आणि पाय बदलत राहायची. रखवालदार रोज तिला बघायचा. एक दिवस त्यालाच राहवलं नाही.

"बसा मावशी."

"उद्घाटन व्हायचंय ना?"

"साहेबलोक कुठं बघतायत? बस आली की उठा."

ती बसली. कितीतरी दिवसांनी त्या रस्त्यावर ती खाली बसली होती. तिने पिशवी मांडीवर घेतली, पाठ टेकली, डोळे मिटले, आणि नेमकी तेव्हाच अध्यक्षांची गाडी समोर येऊन थांबली. अध्यक्ष, माजी आणि सेक्रेटरी पाटीसाठी बाकाच्या पाठीचं माप घ्यायला आले होते.

"ही कोण बाई बसलीय?" अध्यक्ष गाडीतूनच कडाडले. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. क्लबमध्ये सभासदांच्या बायकांना वर्षातून एकदा जेवायला बोलावत, आणि त्या एका दिवशी तिला माडीचे जिने चढवत नसत. "सेक्रेटरी, सांगा तिला!"

सेक्रेटरी खाली उतरले. बायकोने डोळे उघडले आणि त्यांना बघून ती चक्क हसली. आपला माणूस दिसला म्हणून हसली. ही माझी बायको आहे, हिचे गुडघे दुखतात, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग हा बाक कुणासाठी सुचला, नियम कुणी मोडला, सेक्रेटरींच्याच घरातून मोडला, असं सगळं त्यांना एका क्षणात दिसलं. आणि गाडीच्या काचेतून बघणारे माजी दिसले.

"अहो बाई," ते म्हणाले, "उठा. इथे बसायचं नाही."

ती लगेच उठली नाही. त्यांच्याकडे बघत राहिली. मग फळीवर दोन्ही हात रेटून ती सावकाश उठली, पिशवी घेतली आणि खांबाशी जाऊन उभी राहिली. रखवालदारही आपल्या खुर्चीवरून उठून उभा राहिला. सेक्रेटरींनी माप घेतलं. ते चुकलं आणि परत घ्यावं लागलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ताट मांडलेलं होतं. "वाढू का, साहेब?" तिने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता वाढायला सुरुवात केली. त्या दिवसानंतर बाकाचं उद्घाटन कधी, हे तिने विचारलं नाही, आणि तारीख ठरल्यावर त्यांनीही सांगितलं नाही.

तिसरे पाहुणे इस्पितळातलेच हाडांचे मोठे डॉक्टर निघाले. 'प्रमुख वक्ते' म्हणून त्यांचं नाव आलं, त्यांच्या खाली अध्यक्ष, माजी आणि सगळी कार्यकारिणी आली, आणि अगदी तळाला सेक्रेटरी. पाटी आता बाकाच्या पाठीएवढी झाली होती. ती बाहेर कुठे लावणार? पाठीलाच नटबोल्टांनी घट्ट आवळली. क्लबचं काम पक्कं असतं.

डॉक्टरांना रविवार चालत नव्हता म्हणून उद्घाटन कामाच्या दिवशी दुपारी झालं. थांब्यावर मांडव घातला, सभासदांसाठी भाड्याच्या खुर्च्या आल्या. बसची वाट बघणारे मागे उभे केले, म्हणजे गर्दी दिसते. डॉक्टरांनी माईक हातात घेतला. एका महिन्यात त्यांची तीन-चार भाषणं असायची आणि ती सगळी एकाच विषयावर असायची, हे आमंत्रण देताना कुणी विचारलं नव्हतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "बसणं हे आजच्या काळातलं संथ विष आहे!"

अध्यक्षांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींनी बुटांकडे बघितलं. बसल्याने पाठ जाते, मान जाते, हृदय जातं. माणूस हा उभं राहण्यासाठी जन्माला आला आहे. हे सगळं डॉक्टरांनी पुराव्यांसह बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांच्या बोलण्यात तळमळ होती. सभासदांनी खुर्च्यांत बसून जोरात टाळ्या वाजवल्या. मागचे उभे लोक आपण आधीपासूनच निरोगी आहोत हे कळून गप्प उभे राहिले.

फीत कापली. आता पहिल्या लाभार्थीने बाकावर बसायचं आणि फोटो काढायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी सांगून ठेवलेल्या आजीबाई भाषण चालू असतानाच बस मिळाली म्हणून निघून गेल्या होत्या. अध्यक्षांनी गर्दीवर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सेक्रेटरी, ती बघा खांबाजवळ! त्या दिवशी बसलेली ती हीच ना? हिलाच बोलवा. खरी गरजू आहे."

सेक्रेटरी कापलेल्या फितीचे तुकडे गोळा करू लागले. बोलवायला माजी गेले आणि हाताला धरून तिला पुढे घेऊन आले. ती बाकापाशी थांबली. तिने अध्यक्षांकडे बघितलं नाही, डॉक्टरांकडे बघितलं नाही, सरळ सेक्रेटरींकडे बघितलं.

"बसू का, साहेब? मागच्या वेळी उठवलं होतं, म्हणून विचारते."

सगळे खळखळून हसले. काय विनोदी बाई आहे, असं माजी म्हणाले. सेक्रेटरीही हसले. ओठ आपोआप फाकले, आणि ते फाकल्याचं त्यांना स्वतःला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"बसा बसा, बाई," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यासाठीच तर आहे हा बाक!"

ती बसली. पाहुणे मागे उभे राहिले. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला. "आजी, जरा डावीकडे. पाटी झाकली जातेय." ती सरकली. "अजून थोडं. न्यायाधीशसाहेबांचं नाव दिसत नाही." ती अजून सरकली. "आता डॉक्टरसाहेबांचं गेलं." बाक संपला, पण पाटी संपली नव्हती.

"असं करा," अध्यक्ष म्हणाले, "उठाच जरा. फोटो झाला की बसा. सेक्रेटरी, धरा त्यांना."

आणि सेक्रेटरींनी तिला दंडाला धरून उठवलं. इतक्या वर्षांत कितीदा तरी असंच धरून तिला पलंगावरून, पायरीवरून, खुर्चीवरून उठवलं होतं, त्यामुळे हात बरोबर जागेवर गेला. "सरावाचा आहे हात तुमचा," ती हळूच म्हणाली. फोटो उत्तम आला. रिकामा बाक, मागे सगळे मान्यवर, आणि अक्षर न् अक्षर वाचता येणारी पाटी. तो फोटो बघूनच पुढच्या वर्षासाठी अध्यक्ष म्हणून सेक्रेटरींचं नाव एकमताने ठरलं.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी दुकान लवकर बंद करून थांब्यावर गेले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवून ठेवलं होतं. मांडव गेला होता, रखवालदार आणि त्याची खुर्चीही गेली होती. बाक रिकामा होता. आजूबाजूला चार माणसं उभी होती आणि खांब धरून बायको उभी होती.

"अगं, उभी का? बस की. आता कुणी काही म्हणणार नाही."

"बसले होते. मुद्दाम बसून बघितलं," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "टोचतं पाठीला."

"कसं टोचेल? चांगला कलता करून घेतलाय."

"तुम्हीच बसून बघा."

ते बसले, मागे टेकले आणि तसेच उठले. पाटीच्या बोल्टांची डोकी बाहेर आली होती. त्यांतलं सगळ्यात पुढे आलेलं, बरोबर पाठीच्या मणक्यात घुसणारं डोकं त्यांच्याच नावाच्या शेजारी होतं. ठरवून आणलेलं सगळं ते विसरले. ते खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"बस कधी येते?" त्यांनी विचारलं.

"कळेल हळूहळू," बायको म्हणाली आणि तिने पाय बदलला.