रुसव्याचा तंबू

गेल्या एप्रिलमध्ये मी गुहेच्या अगदी तोंडासमोर आठ तंबू लावले. कारण विचाराल तर तिथून गार वारा येत होता.

हे ऐकून तुम्ही हसलात, तर तुम्ही सोलापूरचे नाही. एप्रिलातल्या सोलापूरकराला गार झुळूक लागली की त्याची अक्कल तिथंच चटई टाकून आडवी होते. आंध्राकडच्या चुनखडीच्या डोंगरात, भर दुपारी, जमिनीतल्या भोकातून फुकटचा कूलर चालू होता. मी म्हटलं, तळ इथंच. दिवस मावळताना त्याच भोकातून हजारो वटवाघळं बाहेर पडली. तो त्यांचा रोजचा दरवाजा होता आणि मी त्या दरवाजात आठ तंबू आणि आमटीचं पातेलं मांडून बसलो होतो. पातेल्यावर झाकण नव्हतं. एवढंच सांगतो.

गुहा धुंडाळणाऱ्या आमच्या गटात असलं काही आधी कधी झालं नव्हतं, कारण आधी आमचा तळ रेवणअप्पा उभारायचे. या खेपेला ते नव्हते. तीही माझीच चूक.

रेवणअप्पा म्हणजे मंडपवाले. सोलापुरातल्या सात रस्ता चौकापासून जरा आत गेलं की त्यांचं पत्र्याचं गोडाऊन लागतं. वय पासष्टच्या पुढं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात कायम सुतळीचं भेंडोळं. घरात कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि बांबू वाकडा निघाला तर त्याच्याशी दोन्ही. नऊ वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडं स्वयंपाकाच्या तंबूसाठी ताडपत्री भाड्यानं मागायला गेलो होतो.

"कुटं लावनार?" अप्पांनी विचारलं.

"डोंगरात. गुहेजवळ."

"लगीन कुनाचं?"

"लग्न नाही हो. आम्ही गुहेत उतरतो."

"आत काय हाय?"

"अंधार."

अप्पांनी मला खालीवर न्याहाळलं. माझं चष्म्याचं दुकान आहे हे त्यांना माहीत होतं. "चष्मेवाले, मी संगट येतो," ते म्हणाले. "असल्या मानसांच्यात माझी ताडपत्री एकटी धाडनार न्हाय मी."

असे ते ताडपत्रीचे पालक म्हणून आले आणि आमचेच पालक होऊन बसले. नऊ वर्षांत गुहेत मात्र एकदाही पाऊल टाकलं नाही. "मंडपवाला भायेर शोभतोय," एवढंच म्हणायचे.

डोंगरात पोचल्यावर आम्ही सामान उतरवायचो आणि अप्पा आपली लोखंडी घडीची खुर्ची उतरवायचे. ती मांडून तासभर एका जागी बसायचे, मग उचलून दहा पावलं पुढं. मुंग्या कुठून कुठं चालल्यात, पाण्याची जुनी वाट कुठली, गुराख्याची जनावरं सावली सोडून कुठं बसतात, सगळं बघायचे. आम्ही घाई केली की म्हणायचे, "इरली बिडू." म्हणजे असू दे, सोड. हे दोन कानडी शब्द ते पावसापासून वाघापर्यंत कशालाही लावत. वाघ आम्हाला कधी भेटला नाही, पण भेटला असता तर त्यालाही हेच ऐकावं लागलं असतं.

एकदा जागा ठरली की पुढं सगळं लग्नासारखं. पहिल्या मेढीला हळदकुंकू. तळाच्या तोंडाला पानांचं तोरण, आंब्याची नसतील तर मिळतील त्याची. एका साली निवडुंगाचं होतं आणि आम्ही वाकून आतबाहेर करत होतो. गुहेत उतरणारे ते वऱ्हाड. आणि वऱ्हाड परत आलं की अप्पा पुढं होऊन गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचे. वटवाघळांच्या लेंडीत चार तास सरपटून, ढोपरं सोलून आलेल्या माणसावर गुलाबपाणी पडलं की जो वास तयार होतो, त्याला मराठीत शब्द नाही. कानडीतही नसावा.

पण अप्पांची खरी करामत म्हणजे रुसव्याचा तंबू. सगळे तंबू लागले की ते वीसेक पावलं बाजूला एक छोटा तंबू ठोकायचे. आत चटई, पाण्याचा तांब्या, उशी. पहिल्या वर्षी मी विचारलं, हा कुणासाठी?

"रुसनाऱ्यासाटी," अप्पा म्हणाले. "धा मानसं एका जागी जेवाय लागली की त्यातलं एक रुसतंय. जागा करून ठिवायची. जागा नसली की ते मानूस सगळ्यांच्या मधी बसून रुसतंय, मग सगळ्यांचं जेवान कडू."

आणि कुणी त्यात जाऊन बसलं की तासाभरानं अप्पा स्वतः चहा घेऊन जायचे. समजूत वगैरे काही घालायचे नाहीत. "चला, वाट बघायलेत सगळी," इतकंच. माणूस उठायचा. या तंबूत सगळ्यांत जास्त वेळा मी राहिलो आहे. एकदा तर माझ्या पानातला कडक भाकरीचा तुकडा शेजारच्यापेक्षा लहान होता, एवढ्या कारणावरून. हे लिहिताना लाज वाटते आहे. रुसताना वाटली नव्हती.

तर अशा माणसाला मी काय केलं ते ऐका. गेल्या वर्षी आमच्या गटानं नवे तंबू घेतले. पिशवीतून काढून फेकले की तीन मिनिटांत उभे. मेढ नाही, पहार नाही, सुतळी नाही. आता अप्पांना कशाला त्रास द्यायचा, असं मीच काढलं, आणि त्यांना सांगायचं कामही अंगावर घेतलं. गोडाऊन माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर. मी व्हॉट्सॅप केला. "अप्पा, या वेळी तंबू रेडिमेड आहेत. आपली गरज नाही. आराम करावा." खाली दोन जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, आराम करत असतील.

आमटीचं प्रकरण झाल्यावर आमच्या गटाची म्होरकी सुजाता, ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, तिनं अप्पांना तीन वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही. मग तिनं मला बोलावलं.

"डिसेंबरात तीन आठवड्यांचा तळ आहे," ती म्हणाली. "अप्पा असतील तर जायचं, नसतील तर नाही. त्यांना तू घालवलंस, तूच घेऊन ये. आणि मोबाइल घरी ठेवून जा."

रविवारी सकाळी गेलो. अप्पा गोडाऊनमध्ये गुंडाळलेल्या कनातींच्या ढिगावर बसले होते. त्यांच्या मंडळी, आमच्या काकू, समोर शेंगा निवडत होत्या.

"या," अप्पा म्हणाले. "आरामच करायलोय."

"अप्पा, तो मेसेज..."

"मीच वाचून दावला त्यास्नी," काकू म्हणाल्या. "फूल लई चांगलं होतं."

मी आमटीची हकीकत सांगितली. वाटलं, हसतील आणि विषय संपेल. काकू हसल्या. अप्पा नाही हसले. त्यांनी बसल्या जागी कनातीवर हात फिरवला.

"ही लाल झालर थोरलीच्या लग्नासाटी शिवून घेतली हुती," ते म्हणाले. "चाळीस वर्सं गावाचं मांडव घातलं. पोरीचा मांडव कसा घालायचा ते डोक्यात तयार हुतं. पन व्याही म्हनले, कार्यालय घेतलंय, एसी हाय, सगळं रेडिमेड हाय. तुमी फकस्त येऊन बसा."

"मग?"

"मग काय. गेलो. दारातच एक पोरगं माझा टेंपो बघून म्हनलं, सामानवाल्यांनी टेंपो मागं लावा. मला राग आला. टेंपो मागं लावला आन् आतच बसून ऱ्हायलो. म्हनलं, येईल कोनतरी बोलवायला."

काकूंचा शेंगा निवडणारा हात थांबला होता.

"मंगलाष्टका स्पीकरवर ऐकल्या," अप्पा म्हणाले. "मुठीत अक्षदा हुत्या. सगळ्यांनी टाकल्या तवा मी बी टाकल्या. टेंपोच्या काचंवर."

"मला वाटलं, जेवनाचं बघायलेत," काकू हळूच म्हणाल्या. "पोरीला बी तेच वाटलं. हे कुटल्या लग्नात म्होरं दिसलेत का कवा? कायम मागं, कामात. कुनाला वाटलंच न्हाय की रुसल्यात म्हनून."

"इरली बिडू," अप्पा म्हणाले.

मी येताना बरंच भाषण पाठ करून आणलं होतं. अनुभव, मार्गदर्शन, गटाचा आधारस्तंभ वगैरे. त्यातला एक शब्द आठवेना. तोंडातून आलं ते इतकंच: "अप्पा, चला. सगळे वाट बघतायत."

अप्पा ढिगावरून उतरले. धोतर झटकलं, खुंटीवरची टोपी घेतली, फळीवरून पहार काढून तिचं टोक अंगठ्यानं तपासलं.

"कवा निघायचं?"

हात जोडायची, गरज पडली तर पाय धरायची, सगळी तयारी करून आलो होतो. "एवढ्यात मानलंत, अप्पा?" मी म्हणालो. "मला वाटलं, दोन-चार खेपा तरी घालायला लावाल."

अप्पांनी पहार माझ्या हातात दिली.

"चष्मेवाले," ते म्हणाले, "त्या दिवशी तुमच्यासारकं खुळं जरी बोलवायला आलं असतं, तरी उठलो असतो की मी."