ङ पाचाचा

रामटेके बाईंना कोणी वय विचारलं तर त्या "सहा-दहा-तीन" असं सांगत. शेजारणीला तसं सांगत, बसमध्ये शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला सांगत, आणि एकदा दातांच्या डॉक्टरलाही त्यांनी तसंच सांगितलं. तिथे मी दुभाष्या होतो. मी "सिक्स्टी थ्री" म्हटलं. बाईंनी मला थांबवलं.

"तीन नंतर आहे, हे त्याला समजलं का?"

इंग्रजीतही तीन नंतरच येतात, असं मी सांगितलं. "म्हणजे आपणच तेवढे उलटे," असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

बाईंनी नागपूरला महापालिकेच्या शाळेत सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर केली होती. त्रेसष्ट ऐकलं की मूल आधी तीन लिहितं, मग सहा, आणि पाटीवर छत्तीस होतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. एकोणसत्तरची तक्रार आणखी मोठी होती. "कानाला ऐकू येते सत्तर, आणि लिहायचे सहा. पोरानं भरवसा कोणावर ठेवायचा?" हा प्रश्न त्या कोणालाही विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठाने संसारी विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या घरांत आम्ही राहत होतो. माझी पत्नी संशोधन करत होती आणि माझ्या दुपारी मोकळ्या होत्या. वरच्या मजल्यावर मिलिंद आणि सुजाता रामटेके. दोघंही पीएचडी करत होते. बाई त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वसाहतीत वयाने मोठी असलेली प्रत्येक स्त्री मावशी नाहीतर काकू होत असे. बाईंनी पहिल्याच दिवशी ते बंद केलं. "मावशी घरी. इथं मी बाई." त्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणू लागले. अमेरिकन शेजाऱ्यांचा मात्र बरेच दिवस असा समज होता की या म्हातारीला भेटल्याभेटल्या सगळे 'बाय' म्हणून निरोप देतात.

"मोजून सांग, वाटते म्हणू नको," हे त्यांचं दुसरं नेहमीचं वाक्य. सुजाता म्हणे, "रविवारी दहा-बारा जण येतील." बाई विचारत, "दहा की बारा?" मिलिंद म्हणे, थीसिस साधारण वर्षभरात संपेल. त्यावर बाई काही विचारत नसत, नुसत्या त्याच्याकडे बघत. मिलिंद उठून लॅबमध्ये जाई.

घरात एकच गंभीर प्रश्न होता. नात अस्मिता चार वर्षांची होती आणि डे-केअरमध्ये तोंड उघडत नव्हती. तिथल्या टीचरने सल्ला दिला, घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजी. तेव्हा असा सल्ला सर्रास दिला जाई आणि आईबाप तो मानत. मिलिंद आईला म्हणाला, "थोडे दिवस, आई. तिच्यासमोर मराठी नको." बाईंचं इंग्रजी 'कम', 'सिट', 'गुड' आणि आठवड्याचे वार एवढं होतं. नातीशी बोलायला म्हणून त्या इतक्या लांब आल्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. टीचरचा शब्द त्यांच्या लेखी टीचरचा शब्द होता. त्या गप्प झाल्या.

तळमजल्यावर हाँगकाँगच्या एक आजी राहत. मुलगी इंजिनिअरिंगला, आजी नातवंडं सांभाळायला. मुलं त्यांना पो-पो म्हणत. कँटोनीजमध्ये आईच्या आईला असंच म्हणतात. त्यांच्याकडे खोकंभर गोष्टींची पुस्तकं होती. सगळ्या लोककथा, पानावर वर चिनी मजकूर, खाली इंग्रजी. दुपारी चारला कम्युनिटी रूममध्ये पो-पो वरचं वाचत, मी खालचं वाचत असे, आणि वसाहतीतली मुलं गालिच्यावर बसून ऐकत. बाई अस्मिताला घेऊन येत आणि मागे बसत.

दुसऱ्या आठवड्यात एका गोष्टीत एकवीस कंदील आले. पो-पोंनी ते मुलांकडून मोजून घेतले. कँटोनीजमध्ये दहाला साप म्हणतात, वीसला यी-साप, म्हणजे दोन-दहा, आणि एकवीसला यी-साप-यात, दोन-दहा-एक. गोष्ट संपून अस्मिता मुलांबरोबर बाहेर पळाल्यावर मी हे बाईंना समजावून सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"आणि एकोणतीस?"

"दोन-दहा-नऊ."

"एकोण नाही?"

"नाही."

"कुठंच नाही?"

कुठंच नाही, असं मी सांगितलं. त्या पुन्हा बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या शर्टाच्या बटणांची पिशवी घेऊन आल्या आणि मागे न बसता पो-पोंच्या शेजारी बसल्या.

त्यानंतर गोष्टी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. पो-पो वाचत, मी वाचत असे, आणि प्रत्येक पानाला बाई हात वर करून गोष्ट थांबवत. पानावर जेवढं काही असेल तेवढी बटणं गालिच्यावर मांडली जात. दहाला मराठी मुलं "साप, साप" करत किंचाळत. नऊला गाऊ म्हणतात, म्हणून आठानंतर बाई नुसत्या भुवया उंचावत आणि मुलं "गाऊ" म्हणून खरोखरच गायला लागत. पो-पोंना ही भारतातली रीत वाटली. त्याही गात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मुलं खेळायला गेली की प्रत्येक जणी आपल्या भाषेत, जरा मोठ्याने बोलत असे, आणि दोघींच्या शिकवण्यात खोळंबा असा कधी झाला नाही.

पाचाला मात्र बाई अडखळल्या, त्या वेगळ्या कारणाने. कँटोनीजमधला पाच हा नाकातून निघणारा एकच आवाज आहे. पो-पोंनी तो दोनदा करून दाखवला. खोली रिकामी झाल्यावर बाईंनी मला गाठलं.

"हा ङ आहे."

"तसाच वाटतो."

"वाटत नाही, आहे. हयातभर मी शिकवत आले, क कमळाचा, ख खडूचा, ग गवताचा, घ घराचा, ङ कशाचाच नाही. तक्त्यात त्याचं चित्रच नाही. पोरं विचारत, बाई, हा काहून आहे मग? आणि हा इथं पाच होऊन बसला."

त्यांनी सूटकेसमधून मुळाक्षरांचा तक्ता काढून आणला, भिंतीवर लावला, आणि ङच्या रिकाम्या चौकटीत पाच बटणं चिकटवली. कम्युनिटी रूमच्या भिंतीवर काही चिकटवायला परवानगी लागते. ती कोणी मागितली नाही.

मी एकदा त्यांना विचारलं, आकडेच शिकवायचे तर इंग्रजी का नाहीत. त्या बटणांच्या जोड्या लावत होत्या. "इंग्रजी तिला सगळेच शिकवून राहिले. मराठी बंद आहे. चिनी बंद आहे असं मिलिंद काही म्हणाला नाही."

घरीही तसंच चालू होतं, हे मला नंतर कळलं. आईबाप लॅबमधून येईपर्यंत आजी आणि नात मटारचे दाणे, मोजे, जिन्याच्या पायऱ्या कँटोनीजमध्ये मोजत. दोघींमध्ये दुसरी भाषा नव्हती.

मग बदकांची गोष्ट आली. एका म्हाताऱ्याची नऊ बदकं तळ्यात जातात, असं दोन्ही भाषांत लिहिलं होतं. चित्रकाराने आठच काढली होती. बाईंनी गोष्ट थांबवली. मुलांनी पुन्हा मोजली, पो-पोंनी चष्मा लावून मोजली, मी मोजली. आठ. बाईंनी आठ बटणं मांडली आणि नववं हातात धरून बसल्या. छापणाऱ्याची चूक आहे, पुढे जाऊ या, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही.

"इट्स अंडर," मागून आवाज आला.

अस्मिता. त्या खोलीत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती. ती पुढे आली, चित्रातल्या पाण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गाऊ."

पाण्याखालचं बदक मोजता येत नाही. बाईंच्या सगळ्या शिकवणीविरुद्ध होतं ते. त्यांनी मुठीतलं बटण नातीच्या हातावर ठेवलं. "गुड," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणायची मुभा होती.

पुढच्या महिन्यात मिलिंदची गाडी बंद पडली म्हणून अस्मिताला आणायला मी त्याला घेऊन गेलो. टीचर दारातच भेटल्या, खुशीत होत्या. त्या दिवशी मुलांनी आपापल्या आजीआजोबांविषयी सांगायचं होतं. अस्मिता उभी राहिली, चार मिनिटं बोलली, वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले. "तुमची आई चिनी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं," त्या म्हणाल्या.

मिलिंद हसला. गाडीत बसेपर्यंत हसत होता. मग त्याने मागे वळून इंग्रजीत विचारलं, "अस्मिता, आजी कुठून आली?"

"चायना," ती म्हणाली. "शी डझन्ट टॉक लाइक अस."

तो पुन्हा पुढे वळला. "तिच्यासमोर माझी आई मराठीचा एक शब्द बोलली नाही, यार," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून."

त्याच संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, आजपासून मराठी. टीचरचं काय, असं बाईंनी विचारलं. टीचरशी मी बोलतो, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई लाँड्री रूममध्ये भेटल्या. ड्रायरमधून अस्मिताचे फ्रॉक काढत होत्या. पहिलं काय बोललात, असं मी विचारलं.

"इतकं साठवून ठेवलं होतं. शेवटी म्हटलं, मी तुझी आजी, तुझ्या बाबाची आई. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, व्हॉट इज युवर नेम."

"सांगितलंत?"

"सांगितलं. वत्सला."

मलाही ते नाव तेव्हाच कळलं.

"आधी वसला म्हणाली. मग मी हळू म्हणून दाखवलं, तर जोडाक्षरासकट म्हणाली. सकाळपासून त्याच नावानं हाका मारून राहिली. सुजाता रागावली तिच्यावर, आजीला नावानं हाक मारतात का म्हणून." बाईंनी फ्रॉकच्या बाह्या आत दुमडल्या. "माझी मोठी बहीण गेली, तेव्हापासून मला नावानं हाक मारणारं कोणी नाही. मी सुजाताला म्हटलं, राहू दे."