उशीवरचं बाळ

कुटुंबाचा इतिहास नेहमी अशा माणसाच्या ताब्यात असतो, ज्याने तो कधीच मागितलेला नसतो. या पदासाठी अर्ज मागवले जात नाहीत. जुनं घर आवरताना 'फोटो तूर्त माझ्याकडे राहू देत' असं जो पहिल्यांदा म्हणतो, त्याची नेमणूक त्याच क्षणी कायम होते. (तूर्त या शब्दाची मुदत तहहयात असते.)

मधल्या काकू अशाच नेमल्या गेल्या. सासूबाई गेल्यावर थोरल्या काकांनी कपाट नेलं, आत्यांनी शिलाई मशीन नेलं, धाकट्या काकांनी 'मला काही नको' म्हणत भिंतीवरचं घड्याळ नेलं आणि फोटोंची पत्र्याची ट्रंक दारात उरली. घराण्याचे फोटो जपले पाहिजेत, या मताचे शंभर टक्के लोक हजर होते. जपायला तयार असलेले शून्य टक्के. बाकी उरल्या मधल्या काकू. मधले काका हयात आहेत, पण या विषयात नाहीत.

पदाची कार्यकक्षा सुटसुटीत होती. फोन येताच पाच मिनिटांत हवा तो फोटो हजर करणे. 'ज्यात मी बारीक दिसते' एवढ्या वर्णनावरून तो ओळखणे. काडीमोड झालेल्या जावयाला कडेने कापून काढणे, समेट झाल्यास पुन्हा चिकटवणे. कोणी गेल्यास त्याचा हसरा फोटो तासाभरात पुरवणे (जन्मात न हसलेल्यांनाही ही सवलत लागू). फोटो पोचल्याची पावती म्हणून 'यापेक्षा चांगला नव्हता का?' असं विचारण्याची पद्धत होती.

मग एकदा माळ्यावरची पाण्याची टाकी गळली आणि ट्रंक तुडुंब भरली. फोटो एकमेकांना असे चिकटले, की काकूंनी हलक्या हाताने सोडवायला घेतले तेव्हा आजेसासऱ्यांच्या मिशा सुटून आत्यांच्या गालावर आल्या. काकू त्या लगद्यापाशी बसून खरंच रडल्या. त्यात त्यांच्या माहेरचं एकही माणूस नव्हतं, तरी रडल्या. आता सगळ्यांना फोन करून सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं, तेवढ्यात धाकट्या काकांचाच फोन आला.

"वहिनी, माझा साठावा वाढदिवस आलाय. लहानपणीचा एक फोटो पाठवा की. पाच मिनिटांचं तर काम!"

काकूंची जीभ उचलेना. टेबलावर नवी फ्रेम पडली होती. वाचलेला एखादा फोटो लावायला त्यांनीच आणलेली. तिच्यात दुकानाने नमुन्याला घातलेलं एक गुटगुटीत बाळ उशीवर पालथं पडलं होतं. काकूंनी त्याचा फोनवर फोटो काढला, रंग उडवून काळापांढरा केला आणि डोळे मिटून पाठवला. लगेच उत्तर आलं: 'हाच! नाक बघा, हुबेहूब बाबांचं!'

पुढे आत्यांनी निवृत्तीच्या समारंभासाठी मागितला, तेव्हा तेच बाळ गेलं. आत्यांना त्यात आपला करारीपणा दिसला. थोरल्या काकांनी मागितला तेव्हाही तेच गेलं; त्यांना तर ती उशीसुद्धा आठवली. काकूंची झोप मात्र उडाली.

धाकट्या काकांच्या वाढदिवसाला हॉलमधल्या पडद्यावर बाळ झळकलं आणि आत्या ताडकन उठल्या.

"अरे, ही मी आहे!"

"तुम्ही दोघंही गप्प बसा. तो मी आहे," थोरले काका म्हणाले.

सगळ्यांनी मधल्या काकूंकडे पाहिलं. काकूंना एकदाचं सुटले असं वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. टाकी, ट्रंक, मिशा. "फोटो राहिले नाहीत. ते बाळ फ्रेमबरोबर दुकानातून आलंय. आता मला यातून मोकळं करा."

घराण्याने या निवेदनाचा साकल्याने विचार केला. मग थोरल्या काकांनी मुद्द्याला हात घातला.

"अगं, पण आपल्या घरचा फोटो त्या दुकानदाराच्या हातात गेलाच कसा?"

"वहिनी, एवढं एक काम होतं तुझ्याकडे!" आत्या म्हणाल्या.

निष्काळजीपणाबद्दल काकूंना एकमताने समज देण्यात आली. मग ट्रंक यापुढे कोणी सांभाळावी, असा प्रश्न निघाला, तेव्हा थोरल्या काकांना गुडघा आठवला, आत्यांना घरातली ओल, आणि धाकटे काका केक कापायला गेले. काकूंची त्याच पदावर फेरनेमणूक झाली. जाताना तिघांनीही बाळाची एकेक मोठी प्रत मागितली, फ्रेमसकट.

तुमच्याही घरी असा एक फोटो असेलच. उशीवर पालथं, बोळकं पसरून हसणारं. ते तुम्हीच आहात यात शंका नको, तुमच्या घरच्या काकूंनीच तसं सांगितलंय. आणि नाकही अगदी तुमच्यासारखंच आहे.