डॉक्टरांना किनाऱ्यापासून दूर ठेवण्याची योजना

गोल्फ मला खेळता येत नाही. पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे गोल्फ कोर्स निवडायचे असतील, तर अख्ख्या सिंगापुरातल्या मराठी मंडळींत माझा हात धरणारा माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एडिंबरापासून वर उत्तरेच्या टोकापर्यंत कुठल्या कोर्सवर वारा कसा, वाळू किती आणि क्लबचे सेक्रेटरी किती खडूस, हे मला तोंडपाठ आहे. खेळणार आहे ती माझी बायको, उल्का. आता हे सगळं मी तिच्या प्रेमापोटी केलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार सज्जन लोक आहात. मी ते केलं डॉक्टर विवेकमुळे.

उल्का नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करून कंटाळली, म्हणून दोन वर्षांपूर्वी गोल्फ शिकायला लागली आणि बघता बघता चांगली खेळायला लागली. विवेक त्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. उंच, एकटा, आणि या वयातही डोक्यावर माझ्या तिप्पट केस. मूळचा नागपूरचा, त्यामुळे मला 'सुबोधजी' म्हणतो. उल्काला मात्र नुसतं 'उल्का'. तिच्या वेळी ते 'जी' कुठे जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर या विवेकने टूम काढली की सप्टेंबरात स्कॉटलंडच्या किनाऱ्या-किनाऱ्याने गोल्फ खेळत जायचं. चौघं ठरली. उल्का, विवेक, प्रियदर्शिनी नावाची तिची संशोधक मैत्रीण आणि मिसेस टॅन म्हणून एक सीनियर नर्स. मला कोणी 'येतोस का' म्हणून विचारलं नाही. मीही 'येऊ का' म्हणून विचारलं नाही. नवऱ्याने काय अर्ज करायचा?

कोर्स निवडायला विवेक दर शनिवारी आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर यायला लागला. स्वतःचा कॉन्डो सोडून हा माणूस आमच्या अकराव्या मजल्यावर का येतो? तर म्हणे उल्काच्या हातचे पोहे. वास्तविक पोहे मी करतो. मी स्वयंपाकघरात शेंगदाणे परतत असायचो आणि बाहेरून आवाज यायचा, "उल्का, हा होल बघ. हा तुझ्याच शॉटसाठी बांधलाय." आणि उल्का हसायची. तिचं ते हसणं मी ओळखतो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते माझ्या वाट्याला होतं.

बरं, तो जायला उठला की मी काय म्हणायचो? "बसा हो डॉक्टर, चहा घेऊन जा." पाहुणा उठला की मराठी तोंडातून हे आपोआप निघतं, त्याला माझा इलाज नाही. आणि नागपूरचा माणूस लगेच बसायचा.

शेवटी मी ठरवलं, ही सहल होऊ द्यायची नाही.

माझं काम जुरोंग आयलंडवर. रोज सकाळी कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर रसायनांच्या कारखान्यात काय काय बिघडू शकतं ते शोधायचं. नवीन पाइप टाकायचा म्हटलं की सगळे इंजिनिअर टेबलाभोवती बसतात आणि मी विचारतो, वारा फिरला तर? पंप बंद पडला तर? माणूस घसरला तर? एवढ्या प्रश्नांवर मी भलेभले प्रकल्प लांबवलेत. एक सहल ती काय चीज.

पुढच्या शनिवारी पोह्यांची बशी ठेवून मी तिथेच ठाण मांडून बसलो.

"हा जो पूर्व किनाऱ्यावरचा तुम्ही काढलाय ना डॉक्टर," मी कारखान्यातला आवाज लावला, "तिथे समोरून इतका वारा येतो की मारलेला चेंडू परत मारणाऱ्याकडे येतो. लोकांनी लिहून ठेवलंय."

विवेकने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, घाबरला.

"परत येतो?" तो म्हणाला. "उल्का, ऐकलंस? खरा लिंक्स, अस्सल समुद्रकाठचा कोर्स. हा पक्का."

मी दुसरा काढला. "इथले वाळूचे खड्डे माणसापेक्षा खोल आहेत. आत उतरायला पायऱ्या आहेत. पाठीचा मणका गेला तर?"

"मी हाडांचाच डॉक्टर आहे जी," विवेक म्हणाला. "आणि फिजिओ बरोबरच आहे. हाही पक्का."

"उत्तरेकडच्या या कोर्सवर मेंढ्या मोकळ्या चरतात. गाईसुद्धा. त्या आत येऊ नयेत म्हणून होलच्या झेंड्याभोवती विजेची तार लावलीये. ओलांडताना शॉक बसला तर?"

उल्काने चक्क टाळी वाजवली. "अय्या, मेंढ्या! सुबोध, तुला हे कुठे सापडलं?"

कंपनीत अशी वाक्यं ऐकली की मॅनेजरांचे चेहरे पडतात. इथे दोघांचे फुलत होते. मी जितकी संकटं सांगावीत तितकी त्यांची पसंती वाढत होती. शेवटी मी भरती-ओहोटीचा मुद्दा काढला, की एका कोर्सवर चेंडू पुळणीत गेला तर समुद्रात पाय घालून मारावा लागतो. त्यावर विवेक उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

"सुबोधजी, तुम्ही खेळत नाही, पण आत्मा गोल्फरचा आहे. यापुढे कोर्स तुम्हीच निवडायचे."

झालं. 'सुबोधचे खतरनाक कोर्स' हॉस्पिटलच्या ग्रुपवर फिरले. मिसेस टॅननी तीन अंगठे पाठवले. काम वाढलं म्हणून विवेक बुधवारीही यायला लागला, आणि बुधवारी संध्याकाळ म्हणजे पोह्यांवर भागत नाही. वरण-भात, तूप, लिंबू. तो उल्काशेजारी बसून मिटक्या मारत खायचा आणि मी उभ्याने वाढायचो. त्या दिवसांत मी अक्षरशः जळत होतो. बसमध्ये जळत होतो, कॅन्टीनमध्ये जळत होतो. ज्वालाग्राही पदार्थांजवळ मला कंपनीने कसं जाऊ दिलं, कोण जाणे.

अशाच एका बुधवारी देवाने माझ्याकडे पाहिलं.

"माझा हँडिकॅप काही सुधरत नाही जी," विवेक भाताचा घास घेत म्हणाला. "बत्तीसवरच अडलाय. उल्काचा बघा, चौदा."

हँडिकॅप म्हणजे खेळाडू किती कच्चा त्याचा आकडा, हे मला एव्हाना कळलं होतं. आकडा मोठा, तितका गडी कच्चा. म्हणजे हा उंच, केसाळ, 'तुझ्याच शॉटसाठी बांधलाय'वाला माणूस प्रत्यक्षात ढ होता! मी आनंदाने त्याला आणखी तूप वाढलं.

आणि मला हेही माहीत होतं की स्कॉटलंडमधले काही जुने, तालेवार क्लब कच्च्या पाहुण्यांना पाऊल ठेवू देत नाहीत. पुरुषांना मर्यादा चोवीसची, बायकांना छत्तीसची. उल्का आत. प्रियदर्शिनी आत. मिसेस टॅन आत. विवेक गेटवर.

मी रातोरात निवड बदलली असं नाही; मी ती शांतपणे, सद्‌गृहस्थासारखी, एकेक करून बदलली. मेंढ्यांचा कोर्स काढला, "मेंढ्यांचा विण्याचा हंगाम आहे" म्हणून. सप्टेंबरात मेंढ्या वीत नाहीत, पण हाडांच्या डॉक्टरला ते कुठे माहीत असणार. पायऱ्यांच्या खड्ड्यांचा काढला, "दुरुस्ती चालू असावी" म्हणून. त्यांच्या जागी एकाहून एक कडक क्लब घातले. बुकिंगही मीच करतो म्हणालो. उल्का विरघळली. "किती करतोस रे तू माझ्यासाठी," असं म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला अगदी किंचित लाज वाटली. मग विवेकचं 'उल्का' आठवलं आणि ती गेली.

क्लबांची उत्तरं आली तेव्हा शनिवार होता. प्रियदर्शिनीही आली होती. सगळ्यांच्या उत्तरात अतिशय सभ्य इंग्रजीत तेच होतं: तिन्ही महिलांचं स्वागत आहे, सद्‌गृहस्थांबद्दल दिलगीर आहोत.

मी लिफ्टच्या आरशात तयार केलेला दुःखी चेहरा लावला. "अरेरे. असा काही नियम असेल असं वाटलंच नव्हतं. डॉक्टर, तुमची फार निराशा झाली असेल. पुढच्या वर्षी बघू."

विवेकने पोह्यांना हातसुद्धा लावला नव्हता. विजय म्हणजे काय ते मी त्या मिनिटात अनुभवलं.

मग तो म्हणाला, "तिकीट तर काढलंय. मी येतोच. उल्काचा कॅडी होतो."

"कॅडी म्हणजे?" मी विचारलं. ही एकच गोष्ट माझी वाचायची राहिली होती.

"बॅग उचलायची जी. पूर्ण वेळ तिच्या शेजारी चालायचं. वारा कुठून येतोय ते सांगायचं, हातात काठी द्यायची, उतार बघायला दोघांनी मिळून खाली वाकायचं. गोल्फमध्ये कॅडीशिवाय खेळाडूला दुसरं कोणी जवळचं नसतं."

"विवेक, खरंच?" उल्का म्हणाली. "मला आजवर कोणी कॅडी मिळालेला नाही."

प्रियदर्शिनी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. माझा डाव तिने ओळखला होता; ती हसून हसून ओट्याला टेकली होती.

"अरे सुबोध, वेड्या, विवेकला खेळू द्यायचंस ना. पलीकडे मलेशियात, जोहोरला आम्ही खेळतो तेव्हा त्याचा चेंडू कायम उजवीकडच्या झाडीत. उल्काचा सरळ मधून. सकाळी टाटा केलं की ती दोघं थेट झेंड्यापाशी भेटतात, तेही तो सापडला तर. आता आठ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत..." तिला पुढे बोलता येईना.

मी हातातला झारा ठेवला आणि बाहेर आलो. कंपनीतला आवाज लावायला गेलो, पण तो लागला नाही.

"मलाही यायचंय," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे, एकट्या माणसाने एवढं ओझं उचलणं सुरक्षित नाही," मी सुरू केलं. मग उल्काकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "मला तुझ्याबरोबर यायचंय. मला फार एकटं वाटतंय गं, तुम्ही कोर्स निवडता तेव्हा."

उल्का उठून माझ्याजवळ आली. "अरे, मग बोलायचंस ना. मी वाट बघत होते तू म्हणशील म्हणून. तू आपला वारा आणि खड्डे सांगत बसलास." आणि ती हसली. तेच, माझं, जुनं हसणं. मी भरून पावलो.

"मस्त!" विवेक म्हणाला. "पण बॅग तर मी घेतलीये. सुबोधजींना काय काम द्यायचं?"

त्याने ग्रुपवर विचारलं. मिसेस टॅनचं उत्तर लगेच आलं, 'चालेल की' या अर्थाच्या खास सिंगापुरी इंग्रजीत. "कॅन लाह. सुबोध होल्ड अम्ब्रेला."

माझी रजा मंजूर झाली, तिकीटही निघालं. छत्री काल आली. मी ती खाली ब्लॉकच्या आवारात उघडून बघितली. गोल्फची छत्री चांगली ऐसपैस असते. खेळाडू आणि कॅडी, दोघं तिच्याखाली एकदम कोरडे राहतात. धरणाऱ्याने तेवढं जरा बाहेर उभं राहायचं.