विल्सन सरांचं दही

विल्सन सर चहात आधी थर्मामीटर बुडवत. "सत्तर. थांबा," म्हणत, आणि आम्ही सगळे कप धरून थांबायचो.

संगमनेरजवळच्या एका दूध संकलन केंद्रात ते शीतयंत्रांचे इंजिनियर, मी कॅन धुणारा. माझं गाव लांब किनवटकडचं, शाळा सातवीत सुटलेली. सरांनीच मला इथे चिकटवलं, त्यामुळे आपल्या हातून काही चुकेल ही धास्ती कायम.

सर मेकॅनिकल शिकले, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, मग पाण्याचे पंप विकले, मग इथे आले. इथे त्यांना प्रश्न पडला, एका गावाचं दही घट्ट आणि शेजारच्या गावाचं तार धरणारं का? दूधवाल्यांकरवी अकरा गावांचं विरजण मागवून ते रोज वाट्यांत दही लावू लागले. एक वाटी त्यांच्या स्वतःच्या घरच्या विरजणाची, अशा बारा. या दह्यावरच पुण्याच्या एका विज्ञानसंस्थेने त्यांना पीएचडीच्या मुलाखतीला बोलावलं.

मुलाखत आठवड्यावर आली असताना केंद्रात तपासणी होती. सगळं स्वच्छ दिसावं म्हणून मी दही ओतून टाकलं आणि बाराच्या बारा वाट्या सोड्याने लख्ख घासल्या.

"पाणी किती गरम होतं?" सरांनी विचारलं.

"उकळतं."

"मग काहीच उरलं नसेल," म्हणाले, आणि वहीत तसं लिहिलं.

आता दूधवाल्यांची वाट बघायला त्यांना धीर नव्हता. ड्यूटी सुटली की स्वतःच गावोगाव जायचे आणि रिकाम्या हाताने यायचे. "एक आजी म्हणाल्या, दिवेलागनीला इरजन मागतोय, शिकलेला हाय का कोन?"

"सर, तिन्हीसांजेला दही घराबाहेर देत नाहीत. सकाळी मागायचं."

"कारण?"

"कारण न्हाई. देत नाहीत."

तेही वहीत गेलं. मग पाळीच्या आधी सकाळी मीच फिरलो. चार दिवसांत अकरा वाट्या भरल्या.

"आणि तुमची?"

"ती राहू द्या, भाऊ."

सरांना प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी मला घेऊन ते मोटारसायकलने राहात्याला आपल्या घरी गेले. आई वारल्यापासून घराला कुलूप. सर शेजारच्या काकूंच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभे राहिले.

काकूंनी वाटीकडे पाहिलं. "नासलं व्हय रे? ये आत. तुझ्या आईकडून आणलेलंच अजून लावते मी."

मी बाहेरच थांबलो. ती वाटी मीच घासली होती.

परतताना गाडी मी चालवली. सर मागे, वाटी दोन्ही हातांत धरून. संगमनेर येईपर्यंत एकदाच बोलले.

"खड्डे जरा बघून, भाऊ."