प्रत काढणारे तांबे

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतले तांबे कुठल्याही कागदाची झेरॉक्स काढली, की तिच्यावर पेनाने रेघ मारत आणि मूळ कागदावर ती उमटली नाही ना, हे चष्मा काढून बघत. झेरॉक्सवाला हसे. तांबे म्हणत, "हसू नका. कॉम्प्युटरवर उमटते."

कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी कॉम्प्युटर विभागात जन्म काढला. निवृत्तीनंतर सोसायटीसाठी प्रोग्रॅम लिहिला. पाणी बंद, लिफ्ट बंद, सगळे मेसेज सभासदांच्या यादीला आपोआप जात. मी सेक्रेटरी. रोज चारला सोसायटीच्या ऑफिसात त्यांच्या शेजारी बसून शिकायचो. ते एकच बजावत, "जोशी, 'नवी यादी बरोबर जुनी यादी' लिहिलंत तर नवी यादी होत नाही. जुनीलाच दुसरं नाव पडतं. कॉपी कर, असं वेगळं सांगावं लागतं त्याला." हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत. वधूपित्यालासुद्धा.

एकदा ते कोपरीला बहिणीकडे गेले होते. ज्येष्ठांच्या सहलीसाठी मला नावं हवी होती. मी ऐटीत लिहिलं, सहल बरोबर सभासद. मग सहलीतून साठीच्या आतले सगळे उडवले आणि चहाला घरी गेलो.

दोन दिवसांनी पाणी बंद झालं. मेसेज फक्त म्हाताऱ्यांना गेला. आम्ही बादल्या भरून बसलो, तरुण मंडळी अंगाला साबण लावून.

सभेत दुसऱ्या मजल्यावरचा कुलकर्णी ओरडला, "तांबेकाका, कानात फेस घेऊन ऑफिसला गेलोय मी! झेपत नसेल तर सोडा ना!"

तांब्यांनी जपून ठेवलेली प्रत घालून यादी केव्हाच सरळ केली होती. ते उठले आणि म्हणाले, "चूक माझी." मी इतिवृत्त लिहीत होतो. तेही लिहून घेतलं, सुवाच्य अक्षरात.

काम एका तयार ॲपकडे गेलं. ते वारलेल्या सभासदांनाही वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतं. त्यावर सभा होत नाही. सभेनंतर जिन्यात तांबे मला म्हणाले होते, "उद्यापासून चारला वर घरी या. माझ्या कॉम्प्युटरवर शिकू."

चार वर्षांनी, गेल्या रविवारी, मी त्यांची बेल वाजवली. "तांबे, ती ओळ माझी होती."

"माहीत आहे. कॉपी न करता मी लिहीन का?"

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही ओशाळला असतात. चारला आला नसतात."

मी तसाही एकदाही गेलो नव्हतो.