न बुडणारी स्की

कोर्बीनियनने दोन हिवाळे गोठ्यात बसून बायकांसाठी स्कीची एक जोडी बनवली होती आणि आज ती पहिल्यांदाच खोल बर्फात उतरणार होती. गोठ्यातल्या गाईंनी काही तक्रार केली नव्हती. बायकोचं मत मात्र अजून यायचं होतं.

"हिचं विशेष काय ते एकदा नीट सांग," डोंगरमाथ्यावर बूट स्कीत अडकवताना त्याची बायको नोटबुर्गा म्हणाली.

"हलकी आहे. बर्फ कितीही भुसभुशीत असू दे, बुडत नाही. टोक आपोआप वर येतं. तू काही करूच नकोस बुर्गी, नुसती तरंगत खाली जा."

खाली, उताराच्या पायथ्याशी, खानावळीच्या अंगणात इन्सब्रुकच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीण आख्लाइटनरबाई दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. त्यांनी स्की पसंत केली तर कोर्बीचा गोठ्यातला छोटा कारखाना तरणार होता. नाही केली, तर सोमवारपासून मेहुण्याच्या रोपवेवर तिकिटं फाडायची, असं नोटबुर्गाने बजावलं होतं. नोटबुर्गा बजावते ते होतंच, हे कोर्बीला लग्नाआधीपासून माहीत होतं.

पहिली काही वळणं पाहून कोर्बीचा ऊर भरून आला. गुडघाभर बर्फ, पण नोटबुर्गा जणू सायीवरून चालली होती. मग एका गाडल्या गेलेल्या झुडपाने घात केला. पांढरा धुरळा उडाला आणि बसला, तेव्हा नोटबुर्गा कमरेपर्यंत बर्फात रुतलेली होती. एका पायात स्की होती, दुसरा मोकळा.

"लागलं का गं?"

"मला नाही. स्की कुठे गेली?"

"असेल इथेच."

"सुटली की तिला थांबवणारा ब्रेक?"

"काढला. वजन वाढत होतं."

"पायाला बांधायचा पट्टा?"

"तोही काढला."

"आणि डोकं? तेही वजनापायीच घरी ठेवलंस का?"

कोर्बीने तिला ओढून वर घेतलं आणि पाठपिशवीतलं फावडं काढलं. या खोऱ्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं, की ताज्या बर्फात सुटलेली स्की उंदरासारखी आत शिरते आणि गवत उगवल्यावरच तोंड दाखवते. तो खणू लागला. कमरेइतका खड्डा झाल्यावर नोटबुर्गाने वर्मावरच बोट ठेवलं.

"एक सांग. ती बुडत नाही ना?"

"अजिबात नाही!"

"मग आपण खणतोय कशाला?"

कोर्बी थांबला. स्की खड्ड्यात सापडली तर ती बुडते हे सिद्ध होणार होतं. नाही सापडली तर दाखवायला स्कीच उरणार नव्हती. यातलं नेमकं काय व्हावं म्हणून देवाला साकडं घालावं, तेच त्याला कळेना.

"खणलं नाही तर शोधायची कुठे?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. मग त्याने बर्फाखाली गाडलेली माणसं शोधायची लांब काठी जोडली आणि बर्फात खुपसायला सुरुवात केली.

इथेच सगळं हाताबाहेर गेलं. बर्फात कुणी काठी खुपसताना दिसलं, की खाली माणूस गाडला गेलाय, एवढंच इथली माणसं समजतात. आधी खणायचं, विचारायचं नंतर. वरून उतरणारे दोघे थांबले आणि कामाला लागले. त्यांना पाहून आणखी पाच जण आले. एका दाढीवाल्या पाहुण्याने सभ्यपणे "आपण कृपया जरा सरकाल का?" म्हटलं, तर शेजारी खणणारा म्हातारा खेकसला, "डोंगरावर सगळ्यांना अरे-तुरे! खण मुकाट्याने!"

"अहो, थांबा, माणूस नाहीये," कोर्बी ओरडला.

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," कुणीतरी म्हणालं. "त्याला बसवा. गरम चहा द्या."

तेवढ्यात बचाव पथकाचा प्रमुख गीडी कुत्रा घेऊन हजर झाला. "कोण आहे खाली?"

"स्की," नोटबुर्गा म्हणाली.

"स्की दिसेलच. तिच्यावर कोण होतं?"

"मी."

गीडीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तू सापडलीस की!"

सगळे थबकले. कुत्रा मात्र भुंकत एका ठिकाणी माती उकरावी तसा बर्फ उकरत सुटला आणि खालून खरोखरच एक स्की वर आली. कोर्बी पुढे झेपावला. पण ती जुनी, जड, लोखंडी कडांना गंज चढलेली होती.

"माझी!" गीडी गहिवरला. "मामा वारला त्या वर्षी हरवली होती!"

सगळ्यांनी गीडीचं अभिनंदन केलं. कोर्बी खड्ड्यात एकटाच खणत राहिला.

"मी जाते," नोटबुर्गा म्हणाली. "त्या बाई जेवण आटोपून निघून जातील." आणि एका पायावर तोल सावरत, एकाच स्कीवर, ती खाली निघालीसुद्धा.

कोर्बी धडपडत अंगणात पोचला, तेव्हा आख्लाइटनरबाई सूप पीत होत्या. शेजारच्या खुर्चीला हरवलेली स्की टेकवून ठेवलेली होती.

"ही तुमच्या बायकोच्या आधीच आली," बाई म्हणाल्या. "एकटीच. एवढ्या बर्फावरून आली, पण मागे धड रेघही नाही. माझ्या टेबलापाशी थांबली. मग तुमच्या मंडळी आल्या, एका स्कीवर. आता आणखी काय बघायचं? या हिवाळ्यात जमतील तितक्या जोड्या पाठवा."

नोटबुर्गाने कोर्बीच्या हातातलं फावडं हळूच काढून घेतलं.

"फक्त एक शंका आहे," बाईंनी दुर्बीण टेबलावर ठेवली. "वर सगळ्यात खोल खड्ड्यात एक माणूस शेवटपर्यंत खणत होता. तो कोण?"

कोर्बीने बर्फाने भरलेली टोपी काढली. "मीच. ही बनवणाराच तिला खणून शोधत होता."

बाईंनी सूपचा वाडगा बाजूला सारला. "मग दुकानात विकायला तुमच्या मंडळींना पाठवा. तुम्ही येऊ नका. गिऱ्हाइकाने तुम्हाला पाहिलं तर एक जोडी खपायची नाही."

"चालेल," कोर्बीच्या आधी नोटबुर्गाच म्हणाली.

घरी जाताना दोन्ही स्की कोर्बीच्या खांद्यावर होत्या. कारखाना वाचला होता, तिकिटं टळली होती, नोटबुर्गा चक्क गुणगुणत होती. वळणावर तो थांबला.

"बुर्गी, खरं सांग हं," तो हळू आवाजात म्हणाला, "ती खरंच बुडत नाही का गं?"